शिफ्ट देताना

४ ऑगस्ट २०२४

सुरेंद्रना घरी आणून आठवडा होत आला. मूत्राशय काढून टाकलंय. पोटाच्या उजव्या बाजूला एक लालसर तोंड केलेलं आहे, त्यावर पिशवी चिकटवायची, ती भरली की खालची तोटी उघडून रिकामी करायची. सिस्टरनं सगळं करून दाखवलं. नववीच्या मुलांना मी उत्सर्जन संस्था शिकवते. फळ्यावर दोन मूत्रपिंडं काढायची, दोन नळ्या, आणि खाली एक फुगा. फुगा नसलेलं चित्र मी कधी काढलं नव्हतं.

सुरेंद्रनी मात्र घरी आल्या आल्या ऋताला समोर बसवून घेतलं. "हे बघ, ही गॅस्केट. नीट बसली नाही तर लीकेज. आणि हा ड्रेन व्हॉल्व्ह. आमच्या कंप्रेसरला असाच असतो."

"बाबा, शी!"

"शी काय? उद्या इंजिनिअर होणार ना तू?"

ऋता हसली आणि मग बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ सोडून बसली. मला ऐकू येत होतं. मी दार वाजवलं नाही.

डॉक्टर म्हणाले, काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ आहेत. आधी केमो, मग ऑपरेशन, आता तीन-तीन महिन्यांनी तपासणी. कॉलेजात असताना मी रोज लिहायचे, त्यानंतर आजच वही उघडली. काय लिहायचं ते ठरवलं नव्हतं. 'स्वच्छ' हा शब्द कुठंतरी लिहून ठेवावा असं वाटलं, एवढंच.

२१ ऑगस्ट

टाके दाखवायला गेलो होतो. तिथं मंजुषा नावाची एक मुलगी भेटली, असेल तिशीची. हॉस्पिटलमध्ये एक संशोधन चालू आहे, त्याचं काम बघते. काढलेल्या गाठीचे तुकडे मेणात जपून ठेवलेले असतात म्हणे. त्यांचे पातळ काप काढून, रंग देऊन त्यातली काही प्रथिनं बघायची. काही प्रथिनं जास्त झालेली असतात, काही नाहीशीच झालेली असतात. त्यावरून आजार परत येईल की नाही याचा अंदाज बांधता येतो का, हे त्यांना तपासायचंय.

"आमच्या उपचारात त्यानं काय फरक पडेल?" मी विचारलं.

"आत्ता तरी काहीच नाही मॅडम," ती खरं बोलली. "पुढच्या पेशंटना उपयोग होईल. स्वतःचं जाणून घ्यायचं असेल तर डॉक्टर समोर बसून सांगतात. नको असेल तर आम्ही विषय काढत नाही. पण शंभर जणांबद्दल काहीतरी बोलता येतं. एका माणसाबद्दल नाही."

"म्हणजे लॉटचं सांगता येतं, नगाचं नाही," सुरेंद्र म्हणाले.

तिला कळेना. मग यांनी समजावलं. कंपनीत माल येतो, त्यातले थोडे नग तपासायचे आणि अख्ख्या लॉटवर शिक्का मारायचा. वाईट लॉटमध्येही चांगले नग असतात. मुलगी खूश झाली. म्हणाली, सर, हे मी आता सगळ्यांना असंच सांगणार.

तुकडे वापरायला आम्ही हो म्हटलं. उत्तर जाणून घ्यायचं की नाही, ते मात्र मी यांच्याआधीच बोलून टाकलं. "आपल्याला नको. करता काहीच येणार नसेल तर कळून करायचं काय?"

"नको तर नको," सुरेंद्र म्हणाले.

मी औषधं आणायला खाली गेले. वर आले तर दोघं अजून बोलत होते. मला बघून मंजुषा उठलीच. कामाची मुलगी दिसते, वेळ दवडत नाही.

११ सप्टेंबर

आज नववी 'ब'ला पोषण शिकवलं. प्रथिनं शरीराची बांधणी करतात, झीज भरून काढतात. दरवर्षी हेच वाक्य म्हणते. आज ते म्हणताना जीभ अडखळली. पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, प्रथिनं वाईट पण असतात का?" मी म्हटलं, असा प्रश्न परीक्षेत येत नाही. असं उत्तर मी आजवर कुठल्या मुलाला दिलं नव्हतं.

घरी येऊन मटकी भिजत घातली. काल मूग होते, परवा अंडी. गाठीतल्या प्रथिनांचा आणि ताटातल्या उसळीचा काडीचा संबंध नाही, हे मला कळतं. विज्ञानाची बाई आहे मी. तरी मोड आलेली मटकी बघितली की बरं वाटतं.

"अगं, मला कोंब फुटतील," हे म्हणाले. पण खाल्ली.

१७ ऑक्टोबर

सहामाहीच्या पेपरांमुळे मला सुट्टी मिळाली नाही. तपासणीला यांना भैरूभावजींनी नेलं. भैरूभावजी चिखलीचे, तिथल्या जुन्या शेतकरी घरातले. शेत होतं तिथं आता भावांचे गाळे आहेत, वेल्डिंगची दुकानं. भावजींनी मात्र चाकणच्या कंपनीतली नोकरी सोडली नाही. सुरेंद्रची शिफ्ट संपली की भावजींची सुरू होते. वीस वर्षं दोघं एकमेकांना रोज दहा मिनिटं भेटत आलेत, आणि तेवढ्यात सख्ख्या भावांसारखे झालेत.

एरवी भैरूभावजी आमच्याकडे आले की चहा दोनदा घेतात. आज यांना खाली सोडून वर न येताच गेले. मी गॅलरीतून हाक मारली तर मान वर न करता म्हणाले, "नको वहिनी, आज गडबड हाय." गाळ्यांचं काहीतरी असेल.

सुरेंद्र मात्र खुशीत होते. सोनोग्राफी ठीक आहे म्हणाले. येताना जिलबी आणली होती. खाऊन झाल्यावर हात धुतले नि म्हणाले, "चल, तुला इन्व्हर्टर दाखवतो."

"मला काय करायचाय तो?"

"चल तर."

बॅटरीची झाकणं उघडून दाखवली. डिस्टिल्ड वॉटर कुठवर घालायचं, कुठली वायर काढायची नाही, सगळं. मग माझा तळवा धरून इन्व्हर्टरच्या पत्र्यावर ठेवला. "कळतंय? बारीक थरथर? चांगला चालतोय तेव्हा असा लागतो हाताला. बिघडायला लागला की वेगळा लागतो. आवाजाचं काही खरं नाही, आमच्या प्लांटवर शेजारी जनरेटर धडधडत असतो. हाताला कळतं."

मग कंपनीतली रीत सांगितली. एवढ्या वर्षांत मला ठाऊकच नव्हती. शिफ्ट संपली की जाणारा माणूस येणाऱ्याला प्रत्येक मशिनपाशी नेतो. कुठलं गरम होतंय, कुठलं पाणी गळतंय, काय राहिलंय ते सांगतो. येणारा ते सगळं परत म्हणून दाखवतो, मशिनवर हात ठेवतो आणि म्हणतो, "घेतलं, जा." तोवर जाणाऱ्यानं हातमोजे काढायचे नाहीत. कुठं लिहिलेलं नाही, पण पाळतात सगळे.

"म्हण आता," हे म्हणाले.

"काय?"

"घेतलं, जा."

"जा काय? घरातल्या माणसाला जा म्हणतात का कुणी? आपल्याकडे या म्हणतात."

"ते घरात. हे प्लांटचं आहे."

"मग प्लांटवर म्हणा. माझी काही शिफ्ट नाही," म्हणून मी ताटं उचलायला गेले. हे झाकण लावत बसले. उगाच पुन्हा पुन्हा लावत होते, ते आधीच बसलं होतं.

२ नोव्हेंबर

पाडवा. ओवाळलं. ओवाळणीत यांनी काय घातलं असेल? पान्यांचा सेट आणि टेस्टर! वर चक्क रिबीन बांधलेली. ऋता हसून हसून लोळली. "आई, बाबांनी तुला अप्रेंटिस म्हणून घेतलंय. स्टायपेंड माग."

हसायचंच झालंय. परवा आकाशकंदील लावायला शिडीवर मी, खाली खुर्चीत हे, आणि सूचना. "डावीकडे. तुझं डावीकडे, माझं नाही." एरवी कंदिलाला दुसऱ्या कुणी हात लावलेला यांना खपायचा नाही. आमच्याकडे पाणी दिवसाआड येतं, माळ्यावरच्या टाकीचा व्हॉल्व्ह आता मीच फिरवते. गिझरचा थर्मोस्टॅट म्हणजे काय तेही आता मला कळलंय. शाळेत मी विज्ञान शिकवते आणि घरातला फ्यूज तेवीस वर्षं दुसऱ्यानं बदलला.

मला वाटतं, बरं होणारी माणसं अशीच होतात. घरी बसून कंटाळतात, मग जे दिसेल त्याची शिकवणी घेतात. मी तक्रार करणार नाही. ऑपरेशननंतर पहिला महिना हे एकटे असले की भिंतीकडे बघत पडून असायचे. त्या मानानं हे किती छान आहे.

१५ डिसेंबर

मी गाडी चालवली! पिंपळे गुरवपासून थेट तळेगाव दाभाड्यापर्यंत, ऋताच्या कॉलेजच्या हॉस्टेलच्या दारात. दोन महिने हे मला पहाटे मोकळ्या रस्त्यावर शिकवत होते, पण हायवेला आज पहिल्यांदा. देहूरोडला एक कंटेनर अंगावर आल्यासारखा आला, तेव्हा मी डोळेच मिटले.

"मिटलेस तरी चालेल, पण पाय ब्रेकवर ठेव," हे शांतपणे म्हणाले.

ऋता गेटवर धावत आली. आम्हाला बघून आधी तिला वाटलं काहीतरी झालंय. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मग मला स्टिअरिंगपाशी बघून ओरडलीच. तिघांनी टपरीवर चहा घेतला. निघताना हे तिला म्हणाले, "आता कधी वाटलं तर आईला फोन करायचा. लोकलची वाट बघायची नाही. आई येईल."

"आणि तुम्ही?"

"मी येईन की. मागे बसून. साहेबासारखा."

परतताना मी चुकून चाकणच्या रस्त्याला लागले. यांनी तसंच जाऊ दिलं. कंपनीच्या गेटसमोर थांबायला सांगितलं. आत गेले नाहीत. कूलिंग टॉवरची वाफ दिसत होती, तिच्याकडे बघत काच खाली करून बसले. म्हटलं, जाऊन भेटून या की सगळ्यांना. म्हणाले, "कशाला? चाललंय ते व्यवस्थित."

खूप दिवसांनी मला काही मिळाल्यासारखं वाटलं आज. चुकले होते, तरी रस्ता आपोआप घरी आला.

१९ जानेवारी २०२५

यांची कंबर धरलीये. चूक माझीच. गेल्या रविवारी तळेगावला जाताना गतिरोधक दिसला नाही, गाडी दाणकन आपटली. तेव्हापासून दुखतंय. शेक देते, मलम लावते. रात्री कूस बदलताना आवाज दाबतात ते मला कळतं.

"डॉक्टरांकडे जाऊन येऊ," म्हटलं की "फेब्रुवारीत तपासणी आहेच" म्हणतात.

मी गाडीला आता हात लावत नाही. हे मात्र रोज म्हणतात, किल्ली घे, गॅलरीत उभं राहून बघतो, कॉलनीत एक चक्कर मार.

६ फेब्रुवारी

गतिरोधक नव्हता.

हाडांत आहे. यकृतात आहे. पडद्यावर डॉक्टरांनी दाखवलं. मणक्यांत चमकणारे ठिपके. मला आकाशकंदिलाच्या माळेतले दिवे आठवले आणि स्वतःचीच चीड आली. डॉक्टर औषधांबद्दल बोलत होते. इंजेक्शनं आहेत, काहींना गुण येतो, महिने मिळतात. महिने मिळतात. असं म्हणतात ते.

बाहेर आलो तर मंजुषा. तिचे डोळे भरलेले. यांचा हात धरून म्हणाली, "सर, ऑक्टोबरमध्ये आपण बोललो तेव्हा तुम्ही किती धीरानं घेतलं होतंत. मला वाटत होतं तुमचा नग चांगला निघेल."

मी दोघांकडे बघत राहिले. तिच्या लक्षात आलं. तिनं तोंडावर हात नेला.

येताना गाडी मीच चालवली. घरापर्यंत एकही चूक झाली नाही माझी.

७ फेब्रुवारी

बोलले नाही. भैरूभावजींचा फोन आला, उचलला नाही. तेही होते ना त्या दिवशी. म्हणून चहा घेतला नाही.

मागची पानं वाचली. काय काय लिहिलंय मी. खुशीत होते. बरी होणारी माणसं अशीच होतात. अप्रेंटिस.

१० फेब्रुवारी

आज बोललो. शाळेतून आले तर हे स्वतः कुकर लावून, कट्ट्याला टेकून उभे होते. एका हातानं कट्टा धरलेला.

"मी नको म्हटलं होतं," मी म्हटलं.

"तू तुझ्यासाठी म्हटलं होतंस."

"मी आपल्याला नको म्हटलं होतं! आपल्याला!"

"मला राहवेना गं. गेज समोर आहे आणि बघायचा नाही, हे मला जमलंच नसतं. तुला नको होतं, म्हणून तुला नाही सांगितलं. दोघांच्याही मनासारखं झालं."

"आणि हे सगळं? जिलबी, पाने, गाडी? मला नाचवत होतात चार महिने. हसत होतात ते नाटक होतं?"

तेव्हा मात्र यांचा आवाज चढला. "नाटक कशाला असेल? तू गिझर उघडून त्याला सॉरी म्हणालीस तेव्हा हसू येणार नाही माणसाला?" मग कुकरची शिट्टी झाली. त्यांनी गॅस बारीक केला. "डॉक्टर म्हणाले होते, लॉट वाईट आहे. यातल्या बऱ्याच जणांचं परत येतं, तेही लवकर. पण माझा नग चांगला निघेल असं वाटत होतं मला. खरंच वाटत होतं, मृदुला. निघाला असता तर तुझं काय गेलं असतं? गाडी चालवायला तर आली असती."

मी त्यांच्या पाठीवर डोकं टेकलं. जपून, दुखणाऱ्या जागेच्या वर. पिशवी बदलायची वेळ झाली होती. ती बदलली, मग जेवलो. वरण पातळ झालं होतं.

एक मात्र यांना विचारायचं राहिलं. मला आधी कळलं असतं तर मी ते चार महिने कसे घालवले असते? बहुतेक रडून. डिसेंबरातला तो रविवार मला मिळाला नसता. हे कळूनही राग जात नाही.

९ मार्च

इंजेक्शनं दोनच झाली. अंगाला मानवली नाहीत. डॉक्टर म्हणाले, आता दुखणं कमी ठेवू. यांनी विचारलं, "घरी?" डॉक्टर म्हणाले, "घरी."

हॉलमध्ये खाट टाकली, गॅलरी दिसेल अशी. मी शाळेतून रजा घेतली. ऋता ये-जा करते. लोकलनं नाही. मी आणायला जाते.

हे आता फार बोलत नाहीत. पण मी इन्व्हर्टरचं पाणी बघायला गेले की डोळे उघडून माझ्याकडे लक्ष ठेवतात. टाकीचा व्हॉल्व्ह फिरवून आले की भुवया उंचावतात. झालं? मी म्हणते, झालं. तरी डोळे मिटत नाहीत. काहीतरी राहिल्यासारखे बघत राहतात. पाणी हवंय का, कूस बदलायची का, ऋताला बोलावू का, सगळं विचारते. मान हलवतात. नाही.

२८ मार्च

सिस्टर येऊन गेली. मला बाजूला घेऊन म्हणाली, आता दिवस नाही, तास मोजायचे. नाडी बघितली की तिलाही नवल वाटतं, हे अजून कसे आहेत. "कशात तरी जीव अडकलाय यांचा. कुणी यायचं राहिलंय का?"

ऋता इथंच आहे. नातेवाईक सगळे येऊन गेलेत.

दुपारी भैरूभावजी आले. मी फेब्रुवारीत फोन उचलला नव्हता, त्यानंतर पहिल्यांदाच. दारातच म्हणाले, "वहिनी, शिव्या घाला, पर चहा घाला." मी रडता रडता हसले. भावजी सुरेंद्रचे पाय मांडीवर घेऊन दाबत बसले. यांनी डोळे उघडले, ओळखलं.

"काय राव, ह्या टायमाला झोपा? शिफ्ट कोण करणार, तुझा साहेब?"

यांचे ओठ हलले. हसले असावेत. मग माझ्याकडे बघत राहिले, तसेच.

भैरूभावजींनी ते पाहिलं. चहाचा कप घेऊन माझ्यामागे स्वयंपाकघरात आले. "वहिनी, तुमी त्याला घेतलं म्हणला का न्हाई?"

मला एकदम समजलं नाही.

"एकदा माझी बस चिंबळी फाट्याला अडकली व्हती. निम्मी शिफ्ट सरली. समदे म्हणत्यात, सुरेंद्र, जा की घरी, येईल भैरू. ह्यो गडी हातमोजे काढंना. माझ्या जागी दुसरा हुबा हाय, तरी न्हाई. मी आलो, मशिनवर हात ठिवला, घेतलं म्हणलो, तवा गेला. त्या दिसाला ह्याला ताप व्हता, हे मला दुसऱ्या दिशी कळलं." डोळे पुसायला त्यांनी खांद्यावरचा टॉवेल घेतला. "ऑक्टोबरात गाडीत मला म्हणला, भैरू, समदं शिकवीन तिला. पर ती घेतलं म्हणायची न्हाई बघ. लई हट्टी हाय."

"भावजी, त्याच्या पुढचा शब्द..."

"व्हय," ते म्हणाले. "त्यो अवघड हाय." आणि कप धुवून पालथा घालून गेले.

३० मार्च

पाडवा. गुढी मी बांधली. दरवर्षी हे बांधायचे. काठीला गॅलरीच्या गजाशी पिळ्याची गाठ मारायचे, वाऱ्यानं हलायची नाही. मी तशीच मारली. खाटेवरून बघत होते.

संध्याकाळी उन्हं उतरायच्या आत गुढी उतरवली. पुढचं आत्ता लिहवत नाही.

१७ एप्रिल

सुरेंद्र ३१ मार्चला सकाळी गेले. वहीत लिहिलं नव्हतं, आज लिहिलं.

आज मंजुषाचा फोन आला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत होती. आई, कशा आहात, ऋताची परीक्षा कशी चाललीये. तिच्यासाठी 'मॅडम'ची 'आई' केव्हा झाले मी? शेवटी मीच म्हटलं, "तारीख हवीये ना तुला?"

ती हळूच "हो" म्हणाली. अभ्यासात प्रत्येकाचं शेवटी काय झालं ते लिहावं लागतं. त्याशिवाय त्या प्रथिनांचा अर्थ लागत नाही. अंदाज बरोबर आला की चुकला, हे माणसावरूनच ठरतं. मी तारीख सांगितली. तिनं ती परत म्हणून दाखवली, एकतीस मार्च. मग म्हणाली, "सरांमुळे पुढच्या कुणालातरी..." मी म्हटलं, माहीत आहे गं. लॉटमध्ये एक नग वाढला. हे असते तर त्यांनी हेच म्हटलं असतं.

फोन ठेवल्यावर वाटलं, तिच्याकडे तारीख गेली, पण आदली संध्याकाळ फक्त माझ्याकडे आहे. ती इथं असू दे.

गुढी उतरवून आत आले. ऋता देवापाशी गुढीचं वस्त्र घडी करत होती. मी खाटेपाशी बसले. हे बघत होते, तसेच. मी म्हटलं, "ऐका. चुकलं तर सांगा." आणि म्हणायला लागले. बॅटरीचं पाणी महिन्यातून एकदा, खुणेच्या वर नाही. माळ्यावरचा व्हॉल्व्ह पाणी आलं की डावीकडे, रात्री आठवणीनं बंद. गिझरचं बटण ओल्या हातानं नाही. गाडी आठवड्यात दोनदा तरी सुरू करायची. देहूरोडला डावी लेन धरायची. ऋता चिडली की तेव्हा बोलायचं नाही, खायला देऊन मग बोलायचं. हे शेवटचं त्यांनी शिकवलं नव्हतं, पण राहून जाऊ नये म्हणून म्हटलं. भुवया जरा हलल्या. बरोबर.

मग मी तळवा त्यांच्या छातीवर ठेवला. हाडं लागली. त्याखाली बारीक थरथर होती, कधी लागायची, कधी नाही. हाताला कळत होतं.

"घेतलं," मी म्हटलं.

ते थांबले होते. पुढच्या शब्दासाठी. त्यांचे डोळे माझ्या तोंडावरून हलेनात.

रोज पहाटे कंपनीच्या बससाठी निघताना हे दारातून म्हणायचे, येतो. आणि मी स्वयंपाकघरातून उत्तर द्यायचे. हातात पोळी, गॅसवर चहा. तेवीस वर्षांत एकदाही मागे वळून म्हटलं नव्हतं.

मी त्यांच्याकडे बघितलं. नीट, पूर्ण.

"या," म्हटलं.